रोजगार हमी अधिनियम, महाराष्ट्र
ग्रामीण भागात अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीस मागणीनुसार काम पुरविण्याची जबाबदारी राज्यशासनावर टाकणारा महाराष्ट्र राज्याचा कायदा. राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तो १९७७ मध्ये एकमताने संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्र. २० म्हणून त्याची नोंद झाली व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून देण्यासाठी परिणामकारक तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात नमूद केले आहे. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत. महाराष्ट्राने मात्र त्यांपैकी एका तत्त्वास, ग्रामीण क्षेत्रापुरते व अकुशल कामापुरते का होईना, कायदेशीर बंधनाचे रूप दिले. ‘मागेल त्याला काम’ या शब्दांत या कायद्याचा आशय लोकांत रूढ झाला.

पूर्वपीठिका : दुष्काळात सार्वजनिक कामे काढून लोकांना मजुरी देण्याची पद्धत भारतात जुनी आहे. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये केलेल्या शिफारशींवरून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांनुसार दुष्काळी कामावर येणाऱ्यास ठराविक काम नेमून दिले जाई आणि जीव जगेल एवढी मजुरी मिळे. ही मदत केव्हा सुरू करावयाची व केव्हा थांबवावयाची, हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी शासनाचा असे. दुष्काळ जाहीर झाल्याखेरीज कामे निघत नसत आणि जाहीर दुष्काळ संपताच ती बंद होत. पाऊस बऱ्यापैकी झालेल्या वर्षीही सुगी संपल्यावर शेतमजुरास जे रिकामे महिने काढावे लागत, त्यांची दखल या व्यवस्थेत नव्हती [⟶ दुष्काळ].

स्वतंत्र महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आल्यानंतर रोजगारवाढीसाठी विधिमंडळाने व शासनाने प्रथम उद्योगधंद्यांच्या विकासाचा मार्ग अवलंबिला. १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमान्वये १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व ठिकठिकाणी औद्योगिक वसाहती उभारण्यात आल्या. मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना १९६४ पासून प्रोत्साहनपर सवलती देण्यात आल्या. १९६६ मध्ये त्यांना वित्तसाहाय्य देणारे ‘सिकॉम’ हे महामंडळही निघाले. या उपायांनी राज्याचे औद्योगिक उत्पादन वाढले. परंतु कारखान्यातील नोकरीस शिक्षण किंवा कसब लागे, आणि ते कोरडवाहू भागातील भूमिहीन मजुराजवळ नव्हते. राज्याचा सु. एक-तृतीयांश भाग अवर्षणप्रवण आणि १९७० च्या सुमारास ओलिताखालील क्षेत्र पिकांखालील एकूण क्षेत्राच्या दशांशाहूनही कमी, अशी स्थिती होती. देशातील आघाडीच्या औद्योगिक राज्यात ग्रामीण दारिद्र्य एवढे तीव्र असावे, ही विसंगती धोरणकर्त्यांस जाणवू लागली.

योजनेचा उगम : या योजनेचे जनक म्हणून विठ्ठल सखाराम पागे (१९१०–९०) यांचे नाव घेतले जाते. सर्वोदयी विचारांचे पागे १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. काम करण्याची इच्छा व शक्ती असलेल्या माणसास भिक्षा न देता काम द्यावे आणि त्या कामातून जमिनीची व पाण्याची कायम सुधारणा घडवावी, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात त्यांच्या मार्गदर्शनाखाली या विचाराचा प्रायोगिक अवलंब करण्यात आला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने ही कल्पना स्वीकारली व १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्याच्या ग्रामीण भागात लागू करण्यात आली. याच सुमारास वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयीच्या आपल्या अभ्यासात (१९७१) ग्रामीण भागात सार्वजनिक कामांद्वारे रोजगाराची हमी देण्याचा मार्ग सुचविला होता. त्यामुळे योजनेस अर्थशास्त्रीय विचाराचेही पाठबळ लाभले.

योजना सुरू होते न होते तोच राज्यावर १९७२-७३ चा दुष्काळ कोसळला. त्याआधीची दोन वर्षेही अपुऱ्या पावसाची होती. नव्या योजनेची जागा काही काळ दुष्काळी कामांनी घेतली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या सु. ५० लाखांवर पोहोचली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती अशी कामे गावोगाव निघाली व मजुरांना सुकडी हा पौष्टिक खाऊ वाटण्यात आला. एवढ्या मोठ्या दुष्काळातही भूकबळींचे प्रमाण आटोक्यात राहिले, याचे श्रेय अभ्यासक मुख्यतः या कामांना देतात. या अनुभवाचे दोन परिणाम झाले. लक्षावधी लोकांना एकाच वेळी काम पुरविणे शासनयंत्रणेस शक्य आहे, हे सिद्ध झाले. आणि काम मागण्याची सवय व धिटाई ग्रामीण मजुरांत आली. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा चालू झाली, तेव्हा ती कायम राहावी यासाठी शेतमजुरांच्या संघटनांनी मोर्चे काढले.

करआकारणी व निधी : हमी द्यावयाची तर पैशाचा कायमचा स्रोत हवा, हे ओळखून विधिमंडळाने मूळ अधिनियमापूर्वीच करविषयक कायदे केले. त्यांतील प्रमुख म्हणजे १९७५ चा व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवरील कराचा अधिनियम होय. १ एप्रिल १९७५ पासून पगारदार नोकर, व्यापारी व स्वतंत्र व्यवसाय करणारे यांच्यावर व्यवसाय कर बसला. या कराची संविधानाने घातलेली कमाल मर्यादा त्या वेळी माणशी वर्षाला २५० रु. होती, १९८८ च्या साठाव्या संविधानदुरुस्तीने ती २,५०० रु. करण्यात आली. याशिवाय विक्रीकर व मोटार वाहन कर यांतील जादा आकारणी, बागायती जमिनींवरील विशेष आकारणी आणि शहरांतील अनिवासी मिळकतींवरील उपकर यांचे उत्पन्न या कामासाठी राखून ठेवण्यात आले. करांतून जेवढी निव्वळ रक्कम जमा होईल, तेवढीच रक्कम राज्यशासनाने आपल्याकडून रोजगार हमी निधीत घालावी, अशी तरतूद झाली.

ही करव्यवस्था हे योजनेचे एक लक्षणीय अंग आहे. ज्यांना नियमित नोकरी आहे, त्यांनी ज्यांना ती नाही त्यांच्या कामासाठी वाटा उचलावा, असा तिचा अर्थ होता. व्यवसाय कराचा मोठा हिस्सा मुंबईसारख्या शहरांतून येई व खर्च अवर्षणग्रस्त तालुक्यांत होई. शहरातील पगारदारांचा या कराला कायमचा विरोध झाला नाही. ग्रामीण जमीनमालकांनाही योजना मानवली. कारण तिच्यातून होणारे रस्ते, तलाव व बांध यांचा लाभ मुख्यतः जमीन असणाऱ्यांनाच होणार होता. भिन्न हितसंबंध असलेल्या वर्गांचा असा मेळ बसल्यामुळेच विधेयक एकमताने संमत होऊ शकले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

प्रमुख तरतुदी : अधिनियम ग्रामीण क्षेत्रास व ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या क्षेत्रास लागू करण्यात आला. अठरा वर्षांवरील व्यक्तीने आपले नाव नोंदवून कामाची मागणी केल्यास पंधरा दिवसांच्या आत तिला काम द्यावयाचे. मागणी निदान सलग तीस दिवस काम करण्याची असावी. या मुदतीत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा लागे. त्याचा किमान दर आरंभी दिवसाला एक रुपया होता. कोणते काम मिळावे, हे निवडण्याचा अधिकार मजुरास नव्हता. काम जिल्ह्यात कोठेही देता येई. तथापि ते शक्यतो पंचायत समितीच्या क्षेत्रातच द्यावे, असा संकेत होता. नवे काम सुरू करण्यासाठी साधारणपणे किमान पन्नास मजूर लागत. खर्चाचा किमान साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा, कामे ठेकेदारांकडे न देता शासकीय विभागांनी स्वतः करावीत आणि ती उत्पादक स्वरूपाची असावीत, असे नियम होते. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विश्रांतीसाठी सावली, प्रथमोपचार व लहान मुलांसाठी पाळणाघर यांची सोय करणे आवश्यक ठरविण्यात आले.

अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर व तालुक्यात तहसीलदारावर होती. पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम, कृषी व वन हे विभाग आणि जिल्हा परिषदा प्रत्यक्ष कामे करीत. मागणी येताच काम सुरू करता यावे, म्हणून मंजुरी मिळालेल्या कामांचा साठा प्रत्येक तालुक्यात आगाऊ तयार ठेवावयाचा असे. कार्यालयीन भाषेत त्यास ‘शेल्फवरील कामे’ म्हणतात. देखरेखीसाठी राज्य, जिल्हा व पंचायत समिती या स्तरांवर समित्या होत्या. त्यांखेरीज विधिमंडळ सदस्यांची रोजगार हमी योजना समिती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन कामांची पाहणी करी. कायदा करणाऱ्या सभागृहाने त्याच्या अंमलबजावणीवर आपली नजर ठेवण्याची ही व्यवस्था उपयुक्त ठरली.

मजुरी : मजुरी दिवसावर नव्हे, तर कामाच्या मापावर ठरे. माती, मुरूम किंवा कठीण खडक यांचा प्रकार, खोदाईची खोली, माती वाहून नेण्याचे अंतर व चढ यांनुसार दर निरनिराळे असत. मजूर टोळीने काम करीत. खोदलेल्या खड्ड्यांचे मोजमाप घेऊन टोळीची मजुरी काढली जाई व हजेरीपटाप्रमाणे ती वाटली जाई. सर्वसाधारण मजुराने दिवसभर काम केल्यास शेतीतील किमान वेतनाइतकी मिळकत व्हावी, असे दर बसविण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले. स्त्रिया व पुरुष यांना एकच दर होता. शेतीत स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी मिळत असताना ही समता महत्त्वाची होती. काम गावाजवळ, वशिल्यावाचून आणि समान दराने मिळत असल्यामुळे योजनेवरील मजुरांत स्त्रियांचे प्रमाण मोठे राहिले. बहुतेक पाहण्यांत ते चाळीस टक्क्यांहून अधिक आढळले.

परिणाम : अधिनियम अंमलात आला त्या सुमारास योजनेचा विस्तार सर्वाधिक होता, १९७९-८० मध्ये सु. २० कोटी मनुष्यदिवसांचा रोजगार निर्माण झाला. पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, कालव्यांची खोदाई, वनीकरण व ग्रामीण रस्ते ही मुख्य कामे होत. मजुरांची संख्या एप्रिल ते जून या महिन्यांत सर्वांत जास्त असे व पेरणी सुरू होताच ती उतरे. यावरून शेतीला मजुरांची गरज नसलेल्या काळातच योजनेचा आधार प्रामुख्याने घेतला जाई, हे दिसून येते. काम कष्टाचे व मजुरी बेताची असल्यामुळे ज्यास अन्य साधन आहे, तो तेथे येत नसे. लाभार्थी निवडण्यासाठी दारिद्र्याचे दाखले तपासण्याची गरज त्यामुळे राहिली नाही. गरजू स्वतःच पुढे येत. आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या (इक्रिसॅट) शास्त्रज्ञांनी सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील काही गावांचा अनेक वर्षे अभ्यास केला. योजनेचे काम सहज मिळत होते अशा गावांतील भूमिहीन कुटुंबांच्या उत्पन्नात इतर गावांच्या मानाने चढउतार कमी होते, असे त्यांना आढळले. हमीचे खरे मोल तेथे होते. पावसाने ओढ दिली तरी काम मिळेल, एवढ्या भरवशावर कुटुंबास भांडीकुंडी व जनावरे विकावी लागत नाहीत किंवा सावकाराकडे जावे लागत नाही.

दोष व मर्यादा : कायद्याने दिलेला हक्क तालुक्याच्या कार्यालयात मात्र पुष्कळदा अडत असे. मागणीचा अर्ज लेखी घेऊन त्याची पोच दिली, तरच पंधरा दिवसांची मुदत मोजता येते. ती पोचच मिळाली नाही, तर कागदोपत्री मागणी झालेलीच नसते. त्यामुळे बेकारी भत्ता क्वचितच दिला गेला. निरक्षर व असंघटित मजुरांस हा मार्ग अवघड होता. संघटना बळकट असलेल्या तालुक्यांत कामे अधिक निघत. शेल्फवर पुरेशी कामे नसणे, मोजमापास व मजुरीच्या वाटपास उशीर होणे, खोटी नावे असलेले हजेरीपट, पावसाळा लागताच मजूर शेतीकडे वळल्याने अर्धवट राहिलेली कामे आणि पूर्ण झालेल्या कामांच्या देखभालीचा अभाव, या तक्रारी विधिमंडळातही वारंवार मांडल्या गेल्या. निर्माण झालेल्या मत्तेचा लाभ भूमिहीनांपेक्षा जमीनधारकांस अधिक झाला, हाही आक्षेप आहे.

हमीच्या स्वरूपावर मोठा परिणाम करणारी घटना १९८८ मध्ये घडली. त्या वर्षी शेतीतील किमान वेतनाचा दर जवळजवळ दुप्पट झाला व योजनेची मजुरीही त्या प्रमाणात वाढली. मजुरी वाढल्यावर कामाची मागणी वाढावी, ही स्वाभाविक अपेक्षा होती. प्रत्यक्षात रोजगार झपाट्याने घटला व दशकाच्या अखेरीस तो १९७९-८० च्या निम्म्याहूनही खाली आला. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी नवी कामे सुरू करणे लांबविण्यात आले, म्हणजे हमी असूनही कामाचे नियंत्रित वाटप होऊ लागले, असा निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञांनी काढला. पुढील दशकात कर जमा होत राहिला. पण योजनेवरील खर्च त्या मानाने वाढला नाही. एका विशिष्ट हेतूने बसविलेल्या कराचे उत्पन्न त्या हेतूसाठी पुरेपूर खर्च होत नाही, अशी टीका त्यामुळे झाली.

याच काळात योजनेचा रोख सार्वजनिक कामांकडून काही अंशी खाजगी शेतीकडे वळला. लहान शेतकऱ्यांना विहिरीसाठी अनुदान देणारी जवाहर विहीर योजना आणि १९९० पासूनची रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना या त्यांपैकी प्रमुख होत. आंबा, काजू, डाळिंब, बोर, संत्रे इ. फळझाडांच्या लागवडीसाठी शेतकऱ्यास स्वतःच्याच शेतातील श्रमाचे मोल मिळू लागले. राज्यातील फळबागांखालील क्षेत्र यामुळे पुष्कळ वाढले व हलक्या, डोंगरउताराच्या जमिनी उपयोगात आल्या. मात्र ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्यास यांतून मजुरीखेरीज काही आले नाही.

केंद्रीय कायदा : महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवून संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो देशातील २०० जिल्ह्यांत व १ एप्रिल २००८ पर्यंत सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला; २००९ मध्ये त्यास महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. दोन्ही कायद्यांत महत्त्वाचे भेद होते. महाराष्ट्राची हमी व्यक्तीस होती व तीस दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राची हमी कुटुंबास आणि वर्षाला शंभर दिवसांची होती. उलट ग्रामपंचायतींचा सहभाग, सामाजिक अंकेक्षण, मजुरी बँकेच्या किंवा टपाल खात्याच्या बचत खात्यात जमा करणे आणि उशीर झाल्यास भरपाई, या बाबतींत केंद्रीय व्यवस्था अधिक काटेकोर होती. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपला अधिनियम दुरुस्त करून त्याची केंद्रीय कायद्याशी सांगड घातली. शंभर दिवसांपर्यंतचा खर्च केंद्रीय योजनेतून व त्यापुढील दिवसांचा भार राज्याने सोसावा, अशी रचना करण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या केंद्रीय कायद्याची जागा घेण्यासाठी ग्रामीण कुटुंबास १२५ दिवसांच्या कामाची तरतूद करणारा नवा अधिनियम संमत केला.

मूल्यमापन : रोजगारवाढीसाठी राज्ये जे कायदे करतात, त्यांपैकी बहुतेकांचा भर करसवलती, भूखंड व भांडवल पुरविण्यावर असतो. उद्योग वाढावा व त्यापाठोपाठ नोकऱ्या याव्यात, अशी त्यांची रीत आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी अधिनियमाने काम मागणाऱ्या माणसापासून सुरुवात केली. ग्रामीण दारिद्र्याचे उच्चाटन त्याने झाले नाही आणि अकुशल मजुरास कुशल बनविण्याची सोयही त्यात नव्हती. तथापि दुष्काळाच्या जाहीरनाम्यावर अवलंबून असलेली मदत त्याने मजुराच्या अर्जावर अवलंबून असलेल्या हक्कात बदलली. या हक्काची किंमत किती, हे अधिनियमाच्या शब्दांवरून ठरले नाही. अर्जाची पोच मिळते किंवा नाही, शेल्फवर काम तयार आहे किंवा नाही आणि मजुरी वेळेवर हाती पडते किंवा नाही, यांवरून ते त्या त्या तालुक्यात व त्या त्या वर्षी ठरत गेले. [⟶ दारिद्र्य; बेकारी; शेतमजूर].